विषय देणारं कोणी नाही : चित्रकलेत एम.एफ.ए. करू पाहणाऱ्यांसाठी प्रस्तावना

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या शाळांमधून एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी मुलं दरवर्षी भरपूर असतात. कोणी दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून बसतं, कोणी हात बरा आहे असं चित्रकलेच्या सरांनी सांगितलं म्हणून, तर कोणी मैत्रीण बसली म्हणून. त्यातली मोजकी मुलं बारावीनंतर सीईटी देऊन पुण्या-मुंबईला बी.एफ.ए.ला जातात. त्यातलीही मोजकी, चार वर्षांनी पदवीचा कागद हातात आला की, विचारायला येतात : सर, एम.एफ.ए. करायचंय, काय काय लागतं?

या प्रश्नाला एक कागदावरचं उत्तर आहे. संबंधित विषयातली बी.एफ.ए. किंवा तिच्या तोडीची पदवी, विद्यापीठानं ठरवलेले किमान गुण, स्वतःच्या कामाचा पोर्टफोलिओ, प्रवेशपरीक्षा आणि मुलाखत. प्रवेश झाला की दोन वर्षं, म्हणजे चार सत्रं. सत्राच्या शेवटी ज्युरी, सोबत कलेचा इतिहास आणि सौंदर्यशास्त्राचे लेखी पेपर, आणि सरतेशेवटी प्रबंधिका, कामाचं प्रदर्शन आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे तोंडी परीक्षा. विद्यापीठ बदललं की तपशील बदलतो, कधी कधी वर्ष बदललं तरी बदलतो, म्हणून त्या त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचावं. गेल्या वर्षीच्या सीनियरच्या सांगण्यावर विसंबू नये. एवढ्यावर काम भागलं असतं, तर ही पुस्तिका एका पानाची झाली असती.

खरी अडचण पुढे आहे, आणि ती समजायला थोडं मागे, नववीच्या वर्गात जावं लागतं. एलिमेंटरीच्या परीक्षेत वस्तुचित्र असतं, संकल्पचित्र असतं, भूमिती आणि अक्षरलेखन असतं, आणि असतं स्मरणचित्र. विषय छापून येतो : बाजार, पाणवठा, बसस्टँड, सणाचा दिवस. भिगवणचा मुलगा त्या दिवशी बाजार काढतो. त्याच्या गावात उजनीच्या पाण्यातून आलेल्या मासळीचा मोठा बाजार भरतो, काटे लागतात, बर्फ फुटतो, लिलावाचा गलका होतो. हा पोरगा मात्र काढतो डोक्यावर पदर घेतलेली, पुढ्यात पाटी घेऊन बसलेली, मागे झाड असलेली भाजीवाली. ती त्यानं बाजारात पाहिलेली नसते, गाईडात पाहिलेली असते. त्याला ए ग्रेड मिळते. यात त्याचा दोष नाही. ठरलेल्या वेळात, ठरलेल्या कागदावर, ठरलेला विषय नीट उतरवणं हीच त्या परीक्षेची अट आहे, आणि ती त्यानं पाळलेली असते. अशा परीक्षेनं महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या हात घडवले, हेही खरंच. बी.एफ.ए.तही पहिली दोन-तीन वर्षं विषय वर्गातूनच येतो. आज हेड स्टडी, उद्या लाइफ, परवा आउटडोअरला लँडस्केप, मग कॉम्पोझिशन, आणि वर्षाच्या शेवटी सबमिशन. शेवटच्या वर्षी जरा मोकळीक मिळते. ती पुरती कळायच्या आत परीक्षा येते.

एम.एफ.ए.च्या पहिल्या सोमवारी विषय देणारं कोणी नसतं. स्टुडिओतली एक भिंत आणि टेबलाची जागा दाखवली जाते, गाइड चहाला नेतात आणि विचारतात, काय करणार आहेस? आमच्या भागातली चांगल्या हाताची, कष्टाळू, दिवसाला दहा स्केचेस करणारी मुलं नेमकी इथे अडखळतात. मी हे पुष्कळदा पाहिलं आहे. रेखाटनात त्यांना कोणी मागे टाकत नाही. पण दोन वर्षं चित्र नेमकं कशाचं काढायचं, आणि अमुकच का, हे विचारलं की ती गप्प होतात.

घरच्यांसाठी थोडा इतिहास सांगायला हवा, कारण आजोबांच्या पिढीला जी.डी. आर्ट आणि ए.टी.डी. ही अक्षरं माहीत असतात, एम.एफ.ए. नसतं. मुंबईत जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ मध्ये जे.जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं, तेव्हा सरकारला कारागीर हवे होते. पुढे त्यातूनच चित्रकार आणि शिल्पकार घडले. धुरंधरांसारखा कोल्हापूरकर तिथे विद्यार्थी म्हणून गेला आणि शिक्षक म्हणून अख्खं आयुष्य तिथे काढून बसला. पण मिळायची ती पदविका. शासनाचा डिप्लोमा म्हणून ती जी.डी. आर्ट. शाळेत ड्रॉइंग मास्तर व्हायचं तर ए.टी.डी. या सगळ्याचा कारभार १९६५ पासून कला संचालनालयाकडे आला, आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएटही तेच घेतं. चित्रकलेत विद्यापीठाची पदवी देण्याची वाट आपल्या देशात आधी बडोद्यानं नीट रुळवली. महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० मध्ये ललित कला विद्याशाखा उभी राहिली आणि तिच्या चित्रकला विभागाची घडण करणाऱ्यांत इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे होते, जे स्वतः जे.जे.चे जी.डी. आर्ट. जे.जे. १९८१ मध्ये मुंबई विद्यापीठाला जोडलं गेलं आणि पदविकेची जागा बी.एफ.ए.नं घेतली. २०२३ मध्ये जे.जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्यामुळे तिथले प्रवेशाचे आणि अभ्यासक्रमाचे जुने नियम कोणी सांगत असेल, तर ते तपासून घ्यावेत.

आता पोर्टफोलिओकडे वळू, कारण प्रवेशाचं दार तिथे उघडतं किंवा बंद होतं. मुलं पोर्टफोलिओत चार वर्षांतली सगळी चांगली कामं भरतात. ‘चांगली’ म्हणजे ज्यांना वर्गात गुण मिळाले ती. त्यात फेटेवाल्या म्हाताऱ्याचं जलरंगातलं डोकं असतं, काचेच्या बाटलीचं स्थिरचित्र असतं, घाटावरच्या पायऱ्यांवर पडलेलं ऊन असतं, आणि कुठल्याशा डेमोत पाहिलेला फटकारा असतो. निवड समितीपुढे त्या दिवशी असे कितीतरी फेटे येऊन गेलेले असतात. त्यांना पाहायचं असतं ते हे की हे काम करणारा माणूस एका गोष्टीमागे किती लांब जाऊ शकतो. म्हणून एकाच गोष्टीची पाच-सहा कामं, त्यातली दोन फसलेली असली तरी चालतील, ही पंचवीस सुट्या नमुन्यांपेक्षा जास्त बोलतात. स्केचबुक घेऊन जावं, आणि ते मुलाखतीसाठी आदल्या रात्री नव्यानं रंगवलेलं नसावं. कामांचे फोटो सावलीतल्या दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता, कॅमेरा चित्राच्या बरोबर मधोमध धरून काढावेत. प्रत्येक फोटोखाली माध्यम, आकार, साल. आकार लिहायचा राहिला तर पाव इंपिरियलचं काम आणि पाच फुटांचा कॅनव्हास पडद्यावर सारखेच दिसतात, आणि नुकसान तुमचं होतं.

कुठे अर्ज करावा, हे गाव पाहून ठरवू नये, तिथे कोण शिकवतं ते पाहून ठरवावं. मुंबईचं जे.जे., नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं, गोव्याचं कला महाविद्यालय, बडोदा, शांतिनिकेतनचं कलाभवन, छत्तीसगडमधलं खैरागढचं विद्यापीठ, हैदराबादचं केंद्रीय विद्यापीठ. या प्रत्येक ठिकाणचं पाणी वेगळं. बडोद्यात पदव्युत्तर पदवीला मास्टर ऑफ व्हिज्युअल आर्ट्स म्हणतात. नाव वेगळं दिसलं म्हणून घाबरू नये. छापचित्रण करायचं असेल तर त्या विभागात प्रेस चालू आहे का, लिथोचे दगड वापरात आहेत की कोपऱ्यात झाकून ठेवलेत, हे एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहावं. वेबसाइटवरच्या फोटोत प्रेस नेहमीच चालू असते.

प्रवेश झाला आणि विषय देणारं कोणी नाही, इथवर आपण आलो होतो. या जागी बारामतीच्या पोरांना मी चित्रकाराचं उदाहरण देत नाही, कवीचं देतो, आणि तेही त्यांच्याच गावातलं. मोरोपंत १७२९ मध्ये पन्हाळ्याला जन्मले, नाईकांच्या आश्रयानं बारामतीला आले आणि १७९४ मध्ये इथेच गेले. शाळेत त्यांची आर्या पाठ करून मुलं कंटाळलेली असतात, तेव्हा नाव काढलं की तोंड वाकडं करतात. पण त्यांनी एकशे आठ रामायणं रचली असं सांगतात, त्याचा जरा विचार करा. कथा एकच, सर्वांना तोंडपाठ. शेवट काय होणार हे ऐकणाऱ्याला ठाऊक. अशा वेळी कवीपुढे सांगायचं काय हा प्रश्नच उरत नाही, उरतो तो कशा रीतीनं सांगायचं हा. पंतांनी दर वेळी स्वतःला एक नवी अट घातली. निरोष्ठ रामायणात ओठ न मिटता उच्चारता येईल अशीच अक्षरं घ्यायची, म्हणजे प, फ, ब, भ, म वर्ज्य. आता रामायण सांगायचं आणि ‘राम’ म्हणता येत नाही! हा नुसता खेळ आहे असं म्हणणारे टीकाकार होते, आणि त्यांचं सगळंच चूक नव्हतं. पण स्टुडिओत रिकाम्या भिंतीपुढे बसलेल्या विद्यार्थ्याला यातून एक कळतं की विषय आकाशातून पडत नाही. एक गोष्ट धरायची, तिला स्वतःची एक अट लावायची आणि ती अट काय काय करायला भाग पाडते ते पाहायचं. ते पुरतं पाहून झालं की अट बदलायची. पदव्युत्तर वर्गात ‘सीरिज’ हा शब्द रोज कानावर पडतो, त्याचा अर्थ मला याहून नीट सांगता येत नाही.

ज्युरीत काय विचारतात, हेही असंच. एक उदाहरण देतो. इंदापूर तालुक्यातला एक विद्यार्थी एम.एफ.ए.च्या पहिल्या वर्षी मोठ्या जाड कागदांवर काकवीनं काम करत होता. गुऱ्हाळावरून डबा भरून आणायचा, त्यात जाळलेल्या पाचटाची राख कालवायची आणि रुंद ब्रशनं थर द्यायचे. तपकिरी-काळा, चिकट, वास येणारा पृष्ठभाग. काम दिसायला जोरकस होतं. ज्युरीच्या दिवशी भिंतीवर तीन कागद लागले होते आणि त्यांवर मुंग्यांच्या दोन रांगा. परीक्षकांपैकी एक बाई जवळ जाऊन बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “या मुंग्या कामाचा भाग आहेत का?”

“नाही मॅडम. त्या आपोआप आल्या.”

“मग हाकलल्या का नाहीस?”

पोरगा गप्प. बाई म्हणाल्या, “हाकल, नाहीतर तुझ्या म्हण. मधलं चालणार नाही.”

मला वाटतं, अख्ख्या अभ्यासक्रमाची अट एवढीच आहे. त्या मुलानं पुढचं सत्र मुंग्यांवर घालवलं. निम्मे कागद लाखेच्या पातळ थरानं बंद केले, निम्मे उघडे ठेवले. उघड्या कागदांचे रोज त्याच वेळी फोटो घेतले, कुठून खाल्लं, कुठे बुरशी धरली, पावसाळ्यात काय झालं याची वही ठेवली. प्रबंधिकेत त्यानं साखर टिकवते आणि साखरच सडवते या दोन गोष्टी समोरासमोर ठेवल्या. गळीत हंगामात आई-वडिलांबरोबर फडात जाणाऱ्या पोराकडे हे ज्ञान आधीपासून होतं. फक्त ते ज्ञान आहे, हे त्याला कोणी विचारल्याशिवाय कळलं नव्हतं. तोंडी परीक्षेत मग प्रश्न आले ते कागद एवढाच मोठा का, लाखच का, असं खाण्याचं साहित्य वापरणारे याआधी कोण होऊन गेले, हे दहा वर्षांनी नष्ट झालं तर तुझं काम उरतं का. यातल्या शेवटच्या प्रश्नाला त्याला उत्तर आलं नाही, आणि तरी तो चांगल्या गुणांनी पास झाला.

प्रबंधिकेची भीती मुलांना सर्वांत जास्त वाटते, विशेषतः मराठी माध्यमातून आलेल्यांना. इंग्रजीत दहा पानं कोण लिहिणार, या धास्तीनं नेटवरून उतारे उचलले जातात आणि मग ‘मानवी अस्तित्वाचा शोध’ वगैरे वाक्यं येतात, जी कोणाच्याही चित्राखाली बसतील. काम करताना रोज संध्याकाळी वहीत पाच ओळी लिहिण्याची सवय लावली, मराठीतच लावली, तर दोन वर्षांनी प्रबंधिकेचं निम्मं साहित्य तयार असतं. भाषांतर करायला मदत मिळते. जे घडलंच नाही, त्याचं भाषांतर करून देणारं कोणी मिळत नाही.

परदेशात जाऊ पाहणारे आता आमच्याकडेही निघू लागले आहेत, म्हणून त्या बाजूचं थोडं. अमेरिकेत आयोवा विद्यापीठानं १९४० मध्ये आपल्या पहिल्यावहिल्या एम.एफ.ए. पदव्या दिल्या. त्या घेणाऱ्यांत एलिझाबेथ कॅटलेट ही शिल्पकार होती. कृष्णवर्णीय म्हणून तिला विद्यापीठाच्या वसतिगृहात राहायला मिळालं नाही, बाहेर खोली घ्यावी लागली. तिथे शिकवणारे चित्रकार ग्रँट वूड यांनी तिला सांगितलं की जे तुला सर्वांत नीट माहीत आहे तेच कर. तिनं चुनखडीच्या दगडात कृष्णवर्णीय आई आणि मूल कोरलं, आणि ते शिल्प कसं केलं याचा लेखी प्रबंध दिला. काम, आणि कामाबद्दलचं लेखी निवेदन. हा सांगाडा अजूनही तोच आहे. तिथल्या कलाशिक्षकांच्या संघटनेनं, म्हणजे कॉलेज आर्ट असोसिएशननं, १९७७ मध्ये एम.एफ.ए. ही स्टुडिओ कलेतली अंतिम पदवी मानावी असं ठरवलं आणि साठ क्रेडिटचा दंडक घातला. बहुतेक ठिकाणी दोन वर्षं, काही ठिकाणी तीन. अर्जाला पंधरा-वीस कामांचे फोटो, स्वतःच्या कामाविषयीचं निवेदन, तीन शिफारसपत्रं आणि इंग्रजीची परीक्षा. मधल्या टप्प्यावर एक आढावा असतो, त्यात अडकलेला विद्यार्थी पुढे जात नाही. शेवटी प्रबंध-प्रदर्शन. फी डोळे पांढरे करणारी असते, त्यामुळे सहायक म्हणून काम देऊन फी माफ करणाऱ्या विद्यापीठांकडेच अर्ज करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. चित्रकलेसाठी शेती गहाण टाकू नये.

ग्रँट वूडचा सल्ला आपल्याकडेही कामी आला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचा प्रभाकर पाचपुते कोळसा खाणकामगारांच्या घरातला. शिल्पकलेची पदवी खैरागढला, २०११ मध्ये पदव्युत्तर पदवी बडोद्याला. त्यानं हातात घेतला तो कोळसाच. भिंतीभर चारकोलनं खाणी, खणलेली जमीन, डोक्याच्या जागी यंत्रं आलेली माणसं काढली आणि ती जगभर गेली. त्याचं उदाहरण वर्गात दिलं की दुसऱ्या दिवशी चार जण ऊस घेऊन येतात. इथेच सावध करायला हवं. ऊस, कोयता, बैलगाडी, नऊवारीतली कामकरीण हा साचा शहरातल्या गॅलरीला हवाच असतो आणि गाईडातली भाजीवाली त्यात वेष बदलून परत येते. पाचपुतेचा कोळसा हा नुसता विषय राहिला नाही. तो कोळसा हातानं घासला जातो, पुसला जातो, काळं करतो, आणि ते त्याला त्या कामातूनच सापडलं.

आमचे दोन तालुके तर एका चित्रात मावतही नाहीत. नीरा डाव्या कालव्याखालचा बागायती पट्टा हिरवागार, आणि सुप्या-मोरगावच्या बाजूला जिरायती, टँकरची वाट पाहणारी गावं, आणि तालुका एकच. निमगाव केतकीच्या पानमळ्यात भर उन्हाळ्यात शिरलं की आतला उजेड हिरवट, गार असतो. तो रंग मी ट्यूबमधून कधी निघालेला पाहिला नाही. वालचंदनगरला कारखान्याभोवती आखलेली अख्खी वसाहत आहे. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि फोटोवाल्यांची गर्दी होते. त्याच काठावर पाणी वर-खाली होईल तसं गाळपेर करणाऱ्याचं शेत दरवर्षी आकार बदलतं, त्याच्याकडे कोणी कॅमेरा वळवत नाही. बारामतीत एम.आय.डी.सी.त पेन्सिल चौक आहे, आणि त्या चौकाच्या आसपास एकावर एक लागलेले वाढदिवसांचे फ्लेक्स, ज्यांनी गावोगावच्या पाट्या रंगवणाऱ्यांचा धंदा बसवला. यातलं काय घ्यायचं, हे सांगणं माझं काम नाही. एवढंच म्हणतो की पोर्टफोलिओसाठी फेटेवाला म्हातारा शोधत मंडईत फिरण्याआधी हे पाहून यावं.

पैशांचं बोलायला हवं. शासकीय आणि विद्यापीठीय संस्थांत फी आवाक्यातली असते, खासगीत नसते. पण फीपेक्षा साहित्य जास्त पैसे खातं. चित्रकलेत कॅनव्हास आणि रंग, छापचित्रणात पत्रे, आम्ल, शाई आणि कागद, आणि शिल्पकलेत ब्राँझच्या ओतकामाचं नाव काढलं की सगळेच गप्प होतात. त्यामुळेच शिल्पातली मुलं फायबर, लोखंडाचं भंगार आणि मातीकडे वळतात, आणि कधी कधी त्यातच चांगलं काम होतं. शासनाच्या शिष्यवृत्त्या आणि वसतिगृह निर्वाह भत्त्याचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे असतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून वेळेत काढून ठेवला नाही तर शेवटच्या आठवड्यात सर्व्हर आणि तलाठी दोन्ही सापडत नाहीत. केंद्र सरकारची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती अठरा ते पंचवीस वयोगटासाठी आहे, दोन वर्षं दरमहा ५,००० रुपये. राज्य कला प्रदर्शनाच्या विद्यार्थी विभागात काम पाठवत राहावं. बक्षीस मिळो न मिळो, माउंट करणं, वेळेवर पोचवणं, यादी नीट लिहिणं याची सवय होते.

हे सगळं कशासाठी, असं वडील विचारतात तेव्हा सरळ उत्तर द्यावं. चित्रकार व्हायला एम.एफ.ए. लागत नाही. इंदापूरच्या टोकाला नीरा-नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते आणि तेच पाणी पुढे पंढरपूरला जातं. त्या पंढरपुरात जन्मलेले हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवत वर आले. सुधीर पटवर्धन पुण्यात डॉक्टरकी शिकले, ठाण्यात वर्षानुवर्षं रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं आणि त्याच काळात गेल्या अर्धशतकातलं सर्वांत महत्त्वाचं शहरचित्र उभं केलं. कलेची पदवी त्यांच्याकडे नाही. पदवी लागते ती महाविद्यालयात शिकवायला. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि दृश्यकला विषयातली नेट, हा विद्यापीठ अनुदान आयोगाचा सर्वसाधारण नियम. राखीव प्रवर्गांना गुणांत सूट आहे. नेटचा पेपर संगणकावर, चार पर्यायांचा. दोन वर्षं भिंतीपुढे स्वतःचा विषय शोधलेल्या माणसाची शिकवण्याची लायकी शेवटी अ, ब, क, ड मध्ये ठरते, हा आपल्या व्यवस्थेचा विनोद आहे, पण नोकरी हवी असेल तर तो हसून सोसावा आणि कलेचा इतिहास नीट वाचावा. शाळेत कलाशिक्षक व्हायचं असेल तर वाट वेगळी आहे, त्यासाठी एम.एफ.ए.ची दोन वर्षं घालवायची गरज नाही.

मग तरीही का करावं? दोन वर्षं कोणीतरी रोज विचारतं, हे असंच का, म्हणून. बाहेर हा प्रश्न फुकटात कोणी विचारत नाही. गॅलरीवाला किंमत विचारतो, नातेवाईक हुबेहूब जमलंय का ते पाहतात. ज्याला हा प्रश्न नकोसा वाटतो, त्यानं ही दोन वर्षं आणि घरच्यांचे पैसे वाचवावेत. त्यात कमीपणा काही नाही, पोर्ट्रेट उत्तम करणाऱ्याला आपल्याकडे काम कमी नाही.

पुस्तिकेतली प्रकरणं क्रमानं वाचायची गरज नाही. बी.एफ.ए.च्या तिसऱ्या वर्षात असाल तर पोर्टफोलिओचं प्रकरण आधी वाचा, शेवटच्या वर्षात असाल तर अर्जांच्या तारखांचं. प्रबंधिकेचं प्रकरण प्रवेश मिळाल्यावर वाचलं तरी चालेल, पण वही आजच घ्या. आणि एक गोष्ट, जी कोणत्याच प्रकरणात नीट बसली नाही. दोन वर्षं संपली, प्रदर्शन उतरलं की वसतिगृहाची खोली आठवड्याभरात सोडावी लागते आणि पाच-सहा फुटांचे कॅनव्हास एसटीत घेत नाहीत. चौकटीवरून उतरवून गुंडाळावे लागतात. गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवायची, आत ठेवली की थर दबून चिरतो. मधे रुंद पीव्हीसी पाइप घालायचा, ठिबकचा बारीक नव्हे, बोअरवेलचा जाड, आणि कॅनव्हासच्या दोन थरांमध्ये प्लास्टिक न घालता बटर पेपर घालायचा, कारण तेलरंग दोन वर्षांनीही पुरता वाळलेला नसतो.